दुरुस्तीलाही तपासनीस हवा



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गणिताचे शिक्षक होते. वही तपासताना ते आधी रीत बघत, उत्तराकडे शेवटी वळत. उत्तर बरोबर पण रीत चूक असली की गुण मिळत नसत. चुकीच्या रीतीने आलेलं बरोबर उत्तर पुढच्या गणितात दगा देतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे, तेही रीत तपासण्याचंच काम आहे. फक्त वही संगणकाची आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरात, बँकेत, रुग्णालयात उघडी पडलेली आहे.

विषय असा: लिनक्स कर्नलमध्ये मोठ्या फाइली हाताळणाऱ्या कोडमध्ये चूक सापडते, कोणीतरी दुरुस्ती लिहितं, आणि ती आत घेण्यापूर्वी दुसरं कोणीतरी ती वाचतं. हे वाचणं कसं असतं? ते का लागतं? ते नीट झालं नाही तर काय होतं?

कर्नल म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरमधला सर्वांत आतला थर. तुम्ही मोबाइलवर फोटो काढता तेव्हा त्याचे बाइट साठवणीत कोणत्या क्रमांकाच्या जागी ठेवायचे हे तो ठरवतो. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला लिनक्स कर्नल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये आहे. त्यातला फाइल सिस्टीम नावाचा भाग आपल्या फाइलींचा सांभाळ करतो. इतर ठिकाणी चूक झाली तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करता येतं. फाइल सिस्टीममध्ये चूक झाली तर यंत्र पुन्हा चालू होतं, पण फाइल परत येत नाही. म्हणून या भागातल्या प्रत्येक बदलाचं वजन वेगळं असतं.

आता मोठ्या फाइलींचा प्रश्न मुळात कुठून आला ते पाहू.

जुन्या संगणकांत फाइलमधलं स्थान, म्हणजे कितव्या बाइटवर आपण आहोत हे, ३२ बिटांच्या संख्येत ठेवत. त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी गेला की उरतात ३१. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ जीबीला एक बाइट कमी. ज्या काळात अख्खी हार्ड डिस्क काहीशे एमबीची होती त्या काळात ही मर्यादा आकाशाएवढी वाटली असणार. लिनक्सने सुरुवातीला मिनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीची फाइल सिस्टीम घेतली होती. तिच्यात सगळी मिळून ६४ एमबी जागा आणि फाइलच्या नावाला १४ अक्षरं. १९९२ मध्ये एक्स्ट ही नवी फाइल सिस्टीम आली तेव्हा त्या भिंती पडल्या, आणि पुढच्या वर्षी तिची सुधारित आवृत्ती एक्स्ट-२ आली. पण ३२-बिट यंत्रांवर २ जीबीची भिंत तशीच उभी राहिली.

मग डेटाबेस वाढले, चित्रफिती आल्या, आणि फाइली त्या भिंतीला टेकल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात युनिक्स बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या. त्या मेळाव्याला लार्ज फाइल समिट म्हणतात. त्यातून १९९६ मध्ये एक समान रीत ठरली: स्थान ६४ बिटांत ठेवायचं, आणि जुने प्रोग्रॅम मोडणार नाहीत अशी सोय ठेवायची. लिनक्समध्ये ३२-बिट यंत्रांसाठी ही सोय २.४ या आवृत्तीत, जानेवारी २००१ मध्ये, सर्वांच्या हाती आली.

जुने प्रोग्रॅम मोडणार नाहीत, हे म्हणायला सोपं आहे. पण डिस्कवर फाइलची जी नोंद असते तिच्यातला प्रत्येक रकाना आधीच वाटून दिलेला होता. आकारासाठी ३२ बिटांचा एकच रकाना. उरलेले ३२ बिट ठेवायचे कुठे? एक्स्ट-२ मध्ये एक रकाना फक्त फोल्डरच्या कामासाठी राखलेला होता. साध्या फाइलींना त्याचा उपयोग नव्हता. तोच साध्या फाइलींच्या आकाराचा वरचा अर्धा भाग झाला. आणि डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदीत एक खूण ठेवली, की इथे मोठी फाइल आहे. ही खूण न ओळखणाऱ्या जुन्या कर्नलला ती डिस्क वाचायची मुभा आहे, लिहायची नाही. किती विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे ही! ज्याला अर्धाच आकार दिसतो त्याच्या हातात लेखणी द्यायची नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी ही भिंत स्वतः पाहिलेली आहे. लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर टाकायला जावं आणि भरपूर जागा असूनही फाइल फार मोठी आहे असा संदेश यावा. तो पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असतो. तिच्यात आकाराचा रकाना ३२ बिटांचा, म्हणून फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. हा नकार प्रामाणिक आहे. जमत नाही, तर यंत्र तसं सांगतं. घातक असतात ते प्रसंग, जिथे यंत्र हो म्हणतं आणि चुकीच्या ठिकाणी लिहितं.

इथून मी माझ्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. पहिला मुद्दा असा की मोठ्या फाइलींची चूक बहुधा एका ओळीत, एका कंसात बसलेली असते, आणि ती डोळ्यांना बरोबरच दिसते.

एक उदाहरण जवळून पाहू. फाइल सिस्टीम फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे करते, त्यांना ब्लॉक म्हणतात. समजा एक ब्लॉक ४,०९६ बाइटचा. फाइलमधल्या ब्लॉकचा क्रमांक माहीत आहे, त्याची सुरुवात कितव्या बाइटला होते ते काढायचं आहे. क्रमांकाला ४,०९६ ने गुणा. सोपं आहे. क्रमांक ३२ बिटांत आहे, उत्तर ६४ बिटांच्या चलात ठेवायचं आहे. प्रोग्रॅमरने तसं लिहिलंही. मग चूक कुठे?

चूक अशी की सी भाषेत गुणाकार आधी होतो आणि उत्तर कुठे ठेवायचं ते नंतर पाहिलं जातं. गुणिले जाणारे दोन्ही आकडे ३२ बिटांचे असतील तर गुणाकारही ३२ बिटांतच होतो. ब्लॉक क्रमांक १०,४८,५७६ घ्या. त्याला ४,०९६ ने गुणलं की बरोब्बर ४ जीबी येतात, आणि ३२ बिटांत ४ जीबी म्हणजे शून्य. मग ते शून्य मोठ्या इतमामाने ६४ बिटांच्या चलात ठेवलं जातं. तुम्ही चार जीबीच्या खुणेपाशी लिहायला गेलात आणि कर्नलने फाइलच्या पहिल्याच ओळीवर लिहिलं! कसला संदेश नाही, कसला इशारा नाही. फाइलचा आकारही शंका येण्यासारखा नाही. आतला मजकूर तेवढा गेला.

उपाय काय? क्रमांक आधी ६४ बिटांचा करा, मग गुणा. घाईत लोक काय करतात? गुणाकाराभोवती कंस घालतात आणि त्या कंसाबाहेर ६४ बिटांचं रूपांतर लिहितात. म्हणजे रूपांतर आहे, कंस आहे, हेतू आहे, आणि चूक जशीच्या तशी आहे. वरवर वाचणारा म्हणेल, अरे, रूपांतर केलंय की! तपासणाऱ्याने पाहायचं ते इतकंच, की रूपांतर कंसाच्या आत आहे का बाहेर.

कोणी म्हणेल, आता सगळी यंत्रं ६४-बिट झाली, ही जुनी दुखणी कशाला उगाळायची? दोन कारणं. एक, ३२-बिट यंत्रं गेलेली नाहीत; राउटरमध्ये, छोट्या उपकरणांत, स्वस्त स्टोरेज पेट्यांमध्ये ती चालू आहेत. आणि दोन, ६४-बिट यंत्रावरही सी भाषेतली साधी पूर्णांक संख्या ३२ बिटांचीच असते. यंत्र मोठं झालं म्हणून रकाना आपोआप मोठा होत नाही.

दुसरं उदाहरण याहून सूक्ष्म आहे. ३२-बिट यंत्र ६४ बिटांची संख्या साधारणपणे दोन हप्त्यांत वाचतं, अर्धी आधी आणि अर्धी नंतर. समजा फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ आहे आणि आणखी एक बाइट लिहिला गेला. वरचा अर्धा भाग शून्याचा एक होतो, आणि खालचा भाग भरलेला होता तो रिकामा होतो. नेमक्या त्या क्षणी दुसरा कोणी आकार विचारायला आला तर? एक अर्धा जुना आणि एक नवा त्याच्या हाती लागला, तर त्याला आकार शून्य दिसेल, नाहीतर ८,५८,९९,३४,५९१ दिसेल. एक बाइट वाढलेली फाइल कोणाला रिकामी दिसते, कोणाला दुप्पट. म्हणून कर्नलमध्ये आकार वाचण्यासाठी वेगळं फंक्शन आहे. ते वाचण्याआधी आणि वाचल्यानंतर एक अनुक्रमांक पाहतं, आणि मधल्या काळात तो बदललेला असेल तर पुन्हा वाचतं. नवीन माणूस हे फंक्शन टाळून सरळ आकाराचा रकाना वाचतो. त्याच्या ६४-बिट लॅपटॉपवर सगळं ठीक चालतं. मग ही चूक पकडणार कोण? ते फंक्शन का आहे हे ज्याला माहीत आहे, तो वाचक.

आता दुसरा मुद्दा. माझ्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. दुरुस्ती हाही एक बदलच असतो, आणि सगळ्या बदलांमध्ये दुरुस्तीवर आपण सर्वांत लवकर विश्वास ठेवतो. नव्या सोयीकडे आपण संशयाने बघतो. दुरुस्ती म्हटलं की मन सैल पडतं. चूक सापडली, ती काढली, यात वाईट काय होणार?

काय होऊ शकतं ते २०१६ आणि २०१७ मध्ये घडलेल्या एका हकिकतीतून सांगतो.

कर्नल फाइलचे वाचलेले भाग मेमरीत साठवून ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितले तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. या साठ्याला पेज कॅश म्हणतात. प्रत्येक पानाला क्रमांक असतो. ३२-बिट यंत्रावर तो क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे शेवटचा क्रमांक ४,२९,४९,६७,२९५. पान ४,०९६ बाइटचं धरलं तर हे शेवटचं पान फाइलमध्ये १,७५,९२,१८,६०,४०,३२० व्या स्थानापासून सुरू होतं. १६ टेराबाइटला एक पान कमी. ही संख्या ध्यानात राहू द्या.

एका चाचणीत असं केलं गेलं: फाइलमध्ये फक्त ४,०९६ बाइट लिहिले, मग बरोबर या अजस्र स्थानावरून वाचायचा प्रयत्न केला, आणि मग फाइल कापून शून्य केली. तिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही वाचण्याच्या खटपटीत कर्नलने त्या शेवटच्या क्रमांकाचं एक पान कॅशमध्ये ठेवलं. पुढे फाइल कापणारा लूप पानं शोधत निघाला. त्याला हे पान सापडलं, पण ते त्याच्या हद्दीबाहेरचं होतं, म्हणून त्याने ते काढलं नाही आणि क्रमांक एकने वाढवला. शेवटच्या क्रमांकात एक मिळवला की काय येतं? शून्य. लूप पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच पान, पुन्हा शून्य. तो लूप कधी संपतच नव्हता. शिवाय हे सगळं फाइलचं कुलूप हातात धरून चाललेलं, त्यामुळे त्या फाइलसाठी थांबलेले बाकीचेही अडकून पडले.

दुरुस्ती आली, आणि ती शहाणपणाची होती. वाचण्याची विनंती आली की आधी पाहा, मागितलेलं स्थान या फाइल सिस्टीमच्या कमाल आकाराच्या पलीकडे आहे का? असेल तर पान घेऊच नका, चूक म्हणून परत पाठवा. हेतू चोख, ओळी थोड्या. २०१६ च्या ऑक्टोबरात ती मुख्य कर्नलमध्ये गेली.

आणि मग काय झालं?

पहिला धक्का त्याच डिसेंबरात बसला. फाइल वाचणारे प्रोग्रॅम कसे थांबतात? वाचत जायचं, आणि शून्य बाइट मिळाले की फाइल संपली असं समजायचं. आता अशी फाइल घ्या जिचा आकार बरोबर कमाल मर्यादेएवढा आहे. शेवटचा बाइट वाचून झाला. प्रोग्रॅम आणखी एकदा विचारतो, अजून काही आहे का? तो विचारतो नेमका मर्यादेच्या बिंदूवर उभा राहून. उत्तर हवं, शून्य. नवी दुरुस्ती म्हणाली, तुमची विनंतीच अवैध. कमाल आकाराच्या फाइलचा मजकूर पडताळण्यासाठी एमडी-५ हा आकडा काढणारा साधा, वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम शेवटच्या पावलाला अडखळून पडला. मग दुरुस्तीची दुरुस्ती झाली: फाइलच्या अंतापाशी किंवा त्यापुढे वाचायला जाणं हा गुन्हा नाही, तिथे शून्य द्यायचं.

दुसरा धक्का ऑगस्ट २०१७ मध्ये. ३२-बिट यंत्रांसाठी कमाल आकाराची जी संख्या कर्नलमध्ये लिहिलेली होती ती मुळातच चुकीची होती. पानाचा क्रमांक ३२ बिटांचा असताना तिने ३१ बिटच धरले होते, त्यामुळे मर्यादा १६ ऐवजी ८ टेराबाइट झाली होती. इतकी वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचताना ती संख्या कोणी विचारतच नव्हतं. २०१६ च्या दुरुस्तीने ती पहिल्यांदा वाचण्याच्या वाटेवर आणली. आणि ३२-बिट यंत्राला ८ टेराबाइटहून मोठा साठा जोडून ज्याचं काम सुरळीत चाललं होतं, त्याला आपल्याच साठ्याचा वरचा भाग वाचता येईना.

टोरवाल्ड्स यांनी मग ती मूळ संख्याच सुधारली. ३१ च्या जागी ३२ बिट केले असते तरी बरीच अडचण सुटली असती. पण त्यांनी शेवटचं पान मुद्दाम बाहेर ठेवलं, म्हणजे एक मिळवल्यावर शून्य होण्याची वेळच येऊ नये. नवी मर्यादा किती आली? १,७५,९२,१८,६०,४०,३२०. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली तीच संख्या. ज्या स्थानावरून पहिला लूप अडकला होता, नेमकी तिथेच आता वेस बांधली गेली.

या हकिकतीत कोणालाही दोष द्यायचा नाही. पहिली दुरुस्ती करणाऱ्याने खरी चूक शोधली, खरी चाचणी लिहिली, प्रामाणिक उपाय दिला. मग धडा कोणता? दुरुस्ती वाचताना ती मूळ चूक काढते का, एवढंच विचारून भागत नाही. आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. ही दुरुस्ती कोणत्या संख्येवर विश्वास टाकते, आणि ती संख्या आजवर कोणी तपासली आहे का? या नव्या वाटेने आणखी कोणकोण जाणार आहे? आणि बरोबर सीमेवर उभा असलेल्याचं काय होणार? या तीन प्रश्नांपैकी शेवटचा विचारला असता तर डिसेंबरचा धक्का टळला असता. पहिले दोन विचारले असते तर ऑगस्टचाही टळण्याची संधी होती.

तिसरा मुद्दा. एका जागी बरोबर असलेली दुरुस्ती दुसऱ्या जागी चूक ठरू शकते.

कर्नलची एक मुख्य शाखा असते, तिथे नवं काम चालतं. आणि काही स्थिर शाखा असतात, त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालतात. मुख्य शाखेतल्या महत्त्वाच्या दुरुस्त्या स्थिर शाखांमध्ये उतरवल्या जातात. हे फार मोलाचं काम आहे. त्याच्याशिवाय तुमच्या बँकेचा सर्व्हर जुन्या चुकांसह चालत राहिला असता.

२०२३ मध्ये एक्स्ट-४ या फाइल सिस्टीममध्ये एक दुरुस्ती झाली. काही प्रोग्रॅम मधला साठा टाळून थेट डिस्कवर लिहितात, आणि वर अट घालतात की लिहिलेलं पक्कं झाल्याशिवाय परत यायचं नाही. अशा वेळी फाइल वाढली तर तिचा नवा आकारही पक्का व्हायला हवा. तसा होत नव्हता, म्हणून ही दुरुस्ती. मुख्य शाखेत ती अगदी बरोबर होती. पण तिथे त्याआधी आणखी एक बदल झालेला होता, लिहून झाल्यावर फाइलमधलं स्थान कोणत्या क्षणी पुढे सरकवायचं याचा. दुरुस्ती त्या बदलावर उभी होती. ६.१ या स्थिर शाखेत दुरुस्ती पोचली, तो आधीचा बदल पोचला नाही. कोड जुळला, कंपाइल झाला, चालला. आणि थेट लिहून झाल्यावर फाइलमधलं स्थान चुकीचं ठरू लागलं. स्थान चुकलं म्हणजे पुढचं लिखाण चुकीच्या जागी.

डेबियन या लिनक्स वितरणाची मंडळी त्याच सुमारास आपली १२.३ ही आवृत्ती सोडत होती, आणि तिच्यात हाच कर्नल होता. ९ डिसेंबर २०२३ ला त्यांनी ती रोखली, वापरकर्त्यांना सावध केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ सोडली. मला त्यांचं हे थांबणं फार मोठं वाटतं. सगळी तयारी झालेली असताना थांबा म्हणणं सोपं नसतं.

यातून परीक्षकाला एक चौथा प्रश्न मिळतो: ही दुरुस्ती कशावर उभी आहे, आणि ते इथे आहे का? अशा बदलाचा जो मजकूर वाचायला येतो त्याला पॅच म्हणतात. त्यात बदललेल्या ओळी आणि त्यांच्या लगतच्या थोड्या ओळी दिसतात. बाकीच्या ओळी दिसत नाहीत, आणि दुरुस्तीचा अर्थ बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो. म्हणून चांगला परीक्षक पॅच बाजूला ठेवतो, आख्खं फंक्शन उघडतो, त्याला हाक मारणारी फंक्शन्स उघडतो, आणि मग पुन्हा पॅचकडे येतो.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. कर्नलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बदलाखाली तो लिहिणाऱ्याचं नाव येतं. ज्याने वाचला त्याचं नाव परीक्षक म्हणून येतं, ज्याने चालवून पाहिला त्याचं नाव चाचणी करणारा म्हणून. दुरुस्ती असेल तर कोणत्या जुन्या बदलातली चूक काढली तेही लिहिलं जातं. परीक्षक म्हणून नाव घालण्याचा अर्थ कर्नलच्या नियमांत स्पष्ट दिलेला आहे: मी तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका लिहिणाऱ्याला कळवल्या, त्यांच्या उत्तरांनी माझं समाधान झालं, आणि हा बदल घेण्याजोगा आहे असं मला वाटतं. तो हमी देत नाही. हमी कोणीच देऊ शकत नाही. मी पाहिलं आहे, एवढं तो सांगतो. पण श्रोतेहो, न पाहता पाहिलं म्हणून सही करणाऱ्यांच्या जगात हे एक वाक्य केवढं मोठं आहे!

वाचनाच्या जोडीला चाचणी असते. १६ टेराबाइटची फाइल तपासायला १६ टेराबाइटची डिस्क लागते का? नाही. फाइलचा आकार मोठा जाहीर करायचा आणि मधला भाग न लिहिताच सोडायचा. अशा विरळ फाइलला रिकाम्या भागासाठी जागा लागत नाही. साध्या लॅपटॉपवर, सीमेच्या अलीकडे एक बाइट, बरोबर सीमेवर आणि पलीकडे एक बाइट, असं लिहून-वाचून पाहता येतं. फाइल सिस्टीमसाठी चाचण्यांचा एक मोठा संच आहे. त्याची सुरुवात सिलिकन ग्राफिक्स कंपनीच्या एक्स-एफ-एस या फाइल सिस्टीमसाठी झाली आणि आज तो सगळ्यांसाठी वापरला जातो. नियम सोपा आहे: प्रत्येक दुरुस्तीने आपल्यामागे एक चाचणी ठेवून जावं, म्हणजे तीच चूक दुसऱ्या वाटेने परत आली तर दारातच कळेल.

आता आपल्याकडे वळतो. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे आकाशातून येणारा संकेत शेवटी मोठमोठ्या फाइलींच्या रूपानेच उरतो. मुंबईत चित्रपटाचं संकलन करणारा, रुग्णालयात स्कॅन साठवणारा, अशा प्रत्येकाचं काम या कोडवर उभं आहे. आणि हे काम फक्त दूरदेशीचे लोक करतात असं नाही. पुण्यात व्हेरिटास या कंपनीच्या फाइल सिस्टीमवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. मोठ्या फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवण्याची फॅलोकेट नावाची सोय २००७ मध्ये लिनक्समध्ये आली, तीत भारतातल्या आयबीएमच्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. क्षमता आपल्याकडे आहे, यात मला शंका नाही.

मग कमी कशाची आहे? वाचणाऱ्यांची. जगभर हीच स्थिती आहे. पॅच लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. लिहिणाऱ्याचं नाव होतं, कंपनीत त्याची बढती होते. वाचणाऱ्याने एखादी दुर्घटना टाळली तर ती घडतच नाही, आणि जे घडलं नाही त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. हा हिशोब आपण ठेवायला शिकलं पाहिजे, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी प्रकल्प लिहायला सांगता, तसे दुसऱ्याच्या प्रकल्पाचं परीक्षण करण्याचेही गुण ठेवा. कर्नलमध्ये झालेल्या दुरुस्त्या सर्वांसाठी खुल्या आहेत, कारणांसकट लिहिलेल्या आहेत. मी सांगितलेली २०१६-१७ ची हकिकत वर्गात घ्या. पहिली दुरुस्ती फळ्यावर लिहा, पुढे काय झालं ते सांगू नका, आणि मुलांना विचारा, यात तुम्हाला काय खटकतं? एका तासात ती सीमा, संख्या आणि विश्वास यांविषयी जे शिकतील ते पाठ्यपुस्तकातून शिकवणं अवघड आहे.

कंपन्या चालवणाऱ्यांनाही एक विनंती. वाचायला वेळ द्या. वाचनाला वेळ लागतो म्हणून ते कामाच्या तासांत धरा, आणि ज्याने नको म्हटलं त्याला अडथळा समजू नका.

आणि जे या व्यवसायात नाहीत त्यांनाही सांगतो. दुरुस्ती कुठलीही असो, पुलाची असो, कायद्याची असो, हिशोबाची असो, ती आली की निश्चिंत होऊ नका. चूक सापडल्याच्या आनंदात माणसाची नजर सैल होते. नवी चूक नेमकी तेव्हाच आत येते.

या सभागृहात काही तरुण मंडळी आहेत. त्यांच्यातले काहीजण एक दिवस कर्नलला आपला पहिला पॅच पाठवतील, पाठवावाच. पण त्याआधी दुसऱ्या कोणाचा एक पॅच घ्या. त्यातला प्रत्येक आकडा सीमेपर्यंत नेऊन पाहा. चार प्रश्न विचारा, अगदी अनोळखी आणि तुमच्याहून अनुभवी माणसालाही विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. आणि पटलं, तरच त्याच्याखाली परीक्षक म्हणून स्वतःचं नाव घाला.